मानपत्रात न मावणारे काम

सत्कार समारंभ म्हटला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र ओघानेच आले. मानपत्रात माणसाच्या कामाचा हिशेब मांडलेला असतो. शिक्षकाने किती वर्षे शिकवले, डॉक्टरने किती शस्त्रक्रिया केल्या, समाजसेवकाने किती गावांत विहिरी खोदल्या हे सारे त्यात असते. समोरच्या खुर्च्यांवर त्या कामाचे साक्षीदारही बसलेले असतात. एखादा जुना विद्यार्थी उठून दोन शब्द बोलतो, एखादा बरा झालेला रुग्ण पाया पडायला पुढे येतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

पण काही माणसांचे काम असे असते, की त्याचा एकही साक्षीदार व्यासपीठावर आणता येत नाही. ज्यांच्यासाठी ते काम झाले त्यांची नावेसुद्धा उच्चारायची नसतात. अशा माणसाचा सत्कार करायचा तरी कसा?

ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या विद्यालयांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. या विद्यालयांना सेमिनरी म्हणतात. जगभरातील अनेक सेमिनरी आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना सन्मानाने बोलावतात आणि त्यांच्या सेवेचा जाहीर गौरव करतात. गौरवाची कारणे पुष्कळदा दोन असतात. एक म्हणजे सेवाकार्यातील विशेष योगदान. हे चटकन समजते. कोणी दुर्गम भागात शाळा चालवलेली असते, कोणी चाळीस वर्षे मंडळी सांभाळलेली असते. दुसरे कारण असते पाळकीय समुपदेशन. म्हणजे काय, तर या माणसाने आयुष्यभर दुःखी, खचलेल्या, गोंधळलेल्या माणसांसमोर बसून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. कोणाचे ऐकले? ते सांगायचे नाही. काय ऐकले? तेही सांगायचे नाही. मानपत्र लिहिणाऱ्याची लेखणी इथे अडते.

सेमिनरी हा शब्द मूळ लॅटिन. त्याचा अर्थ रोपवाटिका. कोकणातल्या शेतकऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आधी एका लहान तुकड्यात दाट रोपे तयार करायची, मग ती उपटून दूरवरच्या चिखलात एकेक करून लावायची. रोपाचे खरे आयुष्य रोपवाटिकेत नसते, ते त्या चिखलात असते. गोव्यातील राशोल सेमिनरी सतराव्या शतकापासून अशी रोपे तयार करत आली आहे. पुण्याची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून इथे आली. बंगालमधील सेरामपूरचे महाविद्यालय १८१८ मध्ये सुरू झाले. ते स्थापन करणाऱ्यांत विल्यम कॅरी होते, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले.

या रोपवाटिकांत काय शिकवले जाई? धर्मग्रंथ, जुन्या भाषा, धर्माचा इतिहास, प्रवचन कसे करावे. हे शिक्षण कसदार होते यात शंका नाही. परंतु त्यात एक मोठी उणीव राहून गेली होती. रुग्णालयातल्या खाटेवर तीन दिवस कोणाशीही न बोललेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर त्याच्याजवळ बसून काय करायचे हे कुठल्याच पुस्तकात नव्हते. ही उणीव ज्यांना जाणवली ते स्वतःच एके काळी अशा खाटेवर होते.

त्यांचे नाव अँटन बॉयसन. १८७६ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात त्यांचा जन्म झाला. आधी ते भाषा शिकवत, मग वनशास्त्र शिकून वनखात्यात गेले आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. १९११ मध्ये ते तिथून उत्तीर्ण झाले. पुढची काही वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांत धर्मसेवा केली. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे मानसिक संतुलन एकाएकी ढासळले. घरच्यांना त्यांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. सुमारे पंधरा महिने ते तिथे होते.

त्या काळी मनोरुग्णालयात गेलेला माणूस समाजातून उठल्यासारखाच असे. आपल्याकडेही अनेक घरांत अशा माणसाचा विषय दबक्या आवाजातच निघतो. बॉयसन बरे होऊ लागले तेव्हा ते आजूबाजूला पाहू लागले. रुग्णांसाठी धर्मसेवक येत, प्रवचन करत आणि निघून जात. कोणाला काय होते आहे याची त्यांना कल्पनाच नसे. एकदा एका धर्मसेवकाने तिथे, पापास कारण होणारा डोळा उपटून टाकण्याविषयीच्या बायबलातील वचनावर प्रवचन केले. ते ऐकताना बॉयसन यांच्या मनात धास्ती उभी राहिली. समोर बसलेल्यांपैकी एखाद्याने हे शब्दशः घेतले तर? प्रवचनकार विद्वान असतील, पण समोर कोण बसले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

बरे झाल्यावर बॉयसन यांनी हा अनुभव गाडून टाकला नाही. ते पुन्हा अभ्यासाला लागले. बोस्टनचे नामवंत डॉक्टर रिचर्ड कॅबट यांचे त्यांना साहाय्य मिळाले. १ जुलै १९२४ रोजी ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाले. दोन वर्षांपूर्वी रुग्ण असलेला माणूस आता हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन अशाच वॉर्डात फिरू लागला. पुढल्याच वर्षी, १९२५ च्या उन्हाळ्यात, त्यांनी सेमिनरीतील चार विद्यार्थ्यांना तिथे बोलावले. त्यांत हेलन फ्लँडर्स डनबर ही तरुणीही होती. ती पुढे डॉक्टर झाली आणि मन व शरीर यांच्या परस्परसंबंधाच्या वैद्यकात तिने मोठे नाव मिळवले.

या विद्यार्थ्यांना बॉयसन यांनी पहिल्या दिवशी व्याख्यान दिले नाही. त्यांना वॉर्डात परिचारकाचे काम दिले. रुग्णांना आंघोळ घालायची, जेवू घालायचे, फिरायला न्यायचे आणि हे करता करता ऐकायचे. धर्मशास्त्राचे ग्रंथ जसे मन लावून वाचतात, तसाच माणूसही मन लावून वाचावा, असे त्यांचे सांगणे होते. ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ हा त्यांचा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला.

डॉ. कॅबट यांनीही त्याच वर्षी लेख लिहून मागणी केली की वैद्यकीच्या विद्यार्थ्याला जसा रुग्णांमध्ये राहून अनुभव घ्यावा लागतो, तसा एक वर्षाचा अनुभव धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही मिळावा. पुढे बोस्टनच्या रुग्णालयात रसेल डिक्स या धर्मसेवकाने १९३३ पासून या शिक्षणात एक साधी पण कठीण पद्धत आणली. रुग्णाला भेटून आल्यावर विद्यार्थ्याने सारा संवाद आठवून शब्दशः लिहून काढायचा. रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, कुठे गप्प राहिलो, सगळे. मग तो कागद शिक्षक आणि सहाध्यायी यांच्यासमोर वाचायचा.

कल्पना करा, एक बाई म्हणते, ‘रात्रभर झोप लागत नाही हो.’ विद्यार्थी लगेच उत्तर देतो, ‘काळजी करू नका, देवावर विश्वास ठेवा.’ बाई म्हणते, ‘बरं,’ आणि विषय संपतो. विद्यार्थ्याला वाटते आपण धीर दिला. कागद वाचल्यावर शिक्षक फक्त एवढेच विचारतात, ‘बाईंना झोप का लागत नव्हती?’ विद्यार्थी निरुत्तर होतो. त्याने विचारलेच नव्हते. त्याने दिलेला धीर खरे तर स्वतःच्या सुटकेसाठी होता. दुसऱ्याचे दुःख ऐकणे अवघड वाटले की माणूस उपदेशाच्या आडोशाला जातो, हा धडा त्या एका कागदातून मिळतो.

या धड्यासाठी सेमिनरीत जावे लागत नाही, हे कोणत्याही आईवडिलांना पटेल. परीक्षेहून परतलेला मुलगा ‘पेपर अवघड होता’ म्हणतो आणि आपण ‘अभ्यास केला असतास तर’ असे सुरू करतो. सासरहून आलेली मुलगी ‘कंटाळा आलाय’ म्हणते आणि आपण ‘संसारात असं चालायचंच’ म्हणून मोकळे होतो. बोलणारा ‘बरं’ म्हणतो आणि दार बंद होते. ते पुन्हा कधी उघडेल याचा नेम नसतो.

बॉयसन यांची वाट पुढेही सरळ नव्हती. १९३० मध्ये आईच्या निधनानंतर त्यांना पुन्हा आजाराने गाठले. ज्या डॉ. कॅबट यांनी त्यांना उभे केले होते त्यांनीच या शिक्षणक्रमातून त्यांना दूर ठेवण्याची भूमिका घेतली. मानसिक आजाराची कारणे शारीरिक असतात असे कॅबट मानत. त्यात माणसाच्या अंतरंगातील उलथापालथही असते, असे बॉयसन यांचे म्हणणे होते. मतभेद होताच, आता अंतर पडले. बॉयसन सावरले, १९३२ मध्ये इलिनॉय राज्यातील एल्जिनच्या मनोरुग्णालयात गेले आणि तिथेच काम करत राहिले. १९६५ मध्ये एल्जिन येथेच त्यांचे निधन झाले. आज अमेरिकेतील अनेक सेमिनरींत रुग्णालयातील हा अनुभव धर्मसेवकाच्या शिक्षणाचा भाग आहे. ज्याला एकदा नव्हे, दोनदा लोकांनी बाद ठरवले असते, त्या माणसाने घातलेली ही वाट आहे.

दुसरी कहाणी इंग्लंडमधली. चॅड व्हारा यांचा जन्म १९११ चा. ऑक्सफर्डनंतर लिंकन थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांचे धर्मशिक्षण झाले आणि १९३५ मध्ये ते धर्मसेवेत आले. अगदी सुरुवातीलाच त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीला उभे राहावे लागले. तिने आत्महत्या केली होती. तिला पहिली मासिक पाळी आली होती आणि हा काहीतरी लज्जास्पद रोग आहे असे तिला वाटले होते. तिला कोणी काही सांगितले नव्हते आणि ती कोणाला विचारू शकली नव्हती. घरातल्या एखाद्या मोठ्या बाईने पाच मिनिटे जवळ घेऊन सांगितले असते तर ती मुलगी वाचली असती. तरुण व्हारा यांनी त्या दफनभूमीत मनाशी काही ठरवले आणि पुढे ते तरुण जोडप्यांना, मुलामुलींना लैंगिक विषयांची मोकळी माहिती देऊ लागले. त्या काळात एका पाद्रीने हे करणे अनेकांना रुचले नाही.

आणखी अठरा वर्षे गेली. व्हारा यांना पाच मुले. पगार पुरत नसे म्हणून ते मुलांच्या साप्ताहिकांसाठी चित्रकथाही लिहीत. १९५३ मध्ये लंडनच्या मध्यवस्तीतील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. निवासी वस्ती जवळजवळ नसल्याने तिथे नेहमीची कामे कमी होती. आत्महत्येच्या विचाराने घेरलेल्या माणसाला कोणत्याही क्षणी फोन करता यावा अशी सोय करायचे त्यांनी ठरवले. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्या फोनवर पहिला कॉल आला. क्रमांक होता मॅन्शन हाउस ९०००. इंग्लंडमध्ये तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा बदलला १९६१ मध्ये. म्हणजे फोन करणारा माणूस आपल्या दुःखाबरोबर पोलिसांची भीतीही घेऊन येत असे.

फोन येऊ लागले, माणसेही येऊ लागली. व्हारा एकटे पुरेनात. बाहेरच्या खोलीत रांग लागे. मदतीला आलेली काही साधी माणसे त्या रांगेतल्या लोकांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बाहेर चहा पिता पिता मन मोकळे केलेले कित्येक लोक त्यांना न भेटताच हलके होऊन परत जात होते. शिकलेल्या समुपदेशकापेक्षा चहाचा कप पुढे करून ऐकणारी साधी व्यक्ती अनेकांना पुरत होती.

एखाद्या कमी मनाच्या माणसाला हे खटकले असते. व्हारा यांनी १९५४ च्या फेब्रुवारीत फोनही त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. तिने एक पथ्य पाळले. फोन करणाऱ्याला धर्माचा उपदेश करायचा नाही. संस्थापक धर्मसेवक, जागा चर्चची, तरीही हे पथ्य. ऐकणे हे कोणाला आपल्याकडे ओढण्याचे साधन झाले की ते ऐकणे उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

व्हारा यांना सन्मानही मिळाले. १९६९ मध्ये ओबीई, १९९५ मध्ये सीबीई आणि २००० मध्ये ‘कंपॅनियन ऑफ ऑनर’. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले.

हे लोण भारतातही पोहोचले. चेन्नईमध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. तिथेही प्रशिक्षित स्वयंसेवक ऐकण्याचे काम करतात. आपल्याकडेही कायद्याला बदलायला वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानायला सुरुवात केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम राहिले नाही. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या फोनच्या वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

पाळकीय समुपदेशनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सांत्वनाने बरे न होणारे आजार असतात आणि तिथे डॉक्टरकडे पाठवणे हेच समुपदेशकाचे कर्तव्य असते. धर्मसेवकावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. त्या विश्वासाचा गैरफायदा घेतला गेल्याची उदाहरणे जगात घडली आहेत. म्हणूनच चांगल्या शिक्षणक्रमात ऐकण्याइतकेच महत्त्व पथ्यांना दिले जाते. गुप्तता पाळणे, आपली पायरी ओळखणे, स्वतःच्या कामाचा आढावा जाणकारांसमोर ठेवणे ही ती पथ्ये. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेपेक्षा जीव मोठा, हेही त्यात येते.

आणखी एक बाजू मानपत्रात क्वचितच येते. ती म्हणजे घरची. रात्री अकराला दार वाजते, पाळकसाहेब ताटावरून उठतात आणि कोणासोबत तरी बाहेर जातात. पत्नी ताट झाकून ठेवते. मुले विचारतात, ‘बाबा कुठे गेले?’ तिला ठाऊक नसते. परतल्यावरही ते सांगू शकत नाहीत. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून एवढेच कळते की आज काहीतरी जड ऐकून आले आहेत. ती चहा ठेवते आणि विचारत नाही. दुसऱ्यांची गुपिते सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात हे न विचारणेही वर्षानुवर्षे सांभाळले जाते. तो सन्मान खरे तर दोघांचा असतो.

मग सत्काराचा मूळ प्रश्न उरतो. ज्यांचे भले झाले ते उठून सांगणार नाहीत. एखादी बाई सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असेल, पण ती का आली आहे हे शेजारच्याला कळणार नाही. अशा वेळी संस्थेने त्या सर्वांच्या वतीने उभे राहून ‘आम्हाला माहीत आहे’ एवढेच म्हणायचे असते. आणि समोर बसलेल्या नव्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखवायची असते. प्रवचन गाजवणाऱ्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, मान गप्प बसून ऐकणाऱ्याचा आहे.

लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये एक जुना काळा टेलिफोन काचेच्या पेटीत जपून ठेवला आहे. चॅड व्हारा यांनी ज्यावरून पहिले फोन घेतले तो हा. त्यावर कोण काय बोलले याची नोंद तिथे नाही. कितीजण वाचले याचा आकडा नाही, एकाही फोन करणाऱ्याचे नाव नाही. तरीही येणारे-जाणारे त्या पेटीसमोर क्षणभर थांबतात. ऐकणाऱ्याचे मानपत्र बहुधा असेच असते.